होतकरू पिल्लाचा करारनामा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. पण पाळण्यातल्या पायांकडे बघून कोणी मुलाच्या नावाने पदवीचा दाखला लिहून देत नाही. कुत्र्याच्या पिल्लांच्या बाजारात मात्र नेमके तसेच चालते. आठ आठवड्यांचे पिल्लू, डोळे उघडून जेमतेम दीड महिना झालेला, चालताना अजून स्वतःच्याच पायांत अडखळणारे. आणि विकणारा सांगतो, ‘हे शो क्वालिटीचे आहे. प्रदर्शनात उतरवा, बक्षीस ठेवलेलेच.’ थोडा सावध विक्रेता असेल तर म्हणतो, ‘शो पोटेन्शियल आहे.’

या ‘पोटेन्शियल’ला मराठीत छान शब्द आहे : होतकरू. आम्हा कवी मंडळींना तो चांगला परिचयाचा. होतकरू कवी म्हणून ज्यांचे सत्कार झाले त्यांतले किती पुढे कवी झाले आणि किती होतकरूच राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कवीच्या होतकरूपणाचे कोणी पैसे मोजलेले नसतात. पिल्लाच्या होतकरूपणाचे मोजलेले असतात, आणि घरात पाळायच्या साध्या पिल्लापेक्षा बरेच जास्त मोजलेले असतात. तेव्हा या एका शब्दापोटी आपण नेमके काय विकत घेतो, आणि ते कागदावर कसे लिहून घ्यावे, याचा विचार करायला हवा.

फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावात बसून हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण जातिवंत कुत्र्याचे वेड मराठवाड्याला नवे नाही. लातूर भागातली कारवानी आणि पश्मी कुत्री ही शिकारीची, लांब पायांची, सडपातळ अंगाची जात इथल्या माळरानावर पिढ्यान् पिढ्या पोसली गेली. तिचीच बहीण शोभेल अशी मुधोळ जात, आज कर्नाटकात असलेल्या मुधोळ संस्थानात घोरपडे या मराठा घराण्याने जोपासली. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोडे, बैल, गाढवे यांच्या बरोबरीने श्वान प्रदर्शनही होते. आता त्यात भर पडली आहे ती लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या विलायती जातींची. छत्रपती संभाजीनगर आमच्यापासून तासाभराच्या आत. शहरात जे पिल्लू विकले जाते ते शेतवस्तीवर यायला वेळ लागत नाही. मोबाइलवर फोटो येतो, इसार म्हणून चार-पाच हजार पाठवले जातात आणि सौदा होतो. कागद मात्र होत नाही.

प्रदर्शनात काय पाहतात?

आधी प्रदर्शनाचा प्रकार समजून घेऊ. संघटित श्वान प्रदर्शनांची सुरुवात १८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी झाली. पुढे १८७३ साली लंडनचा केनेल क्लब निघाला. आपल्याकडे चेन्नईत मुख्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया हे काम पाहतो. प्रत्येक जातीचे एक लेखी मानक असते. उंची किती, डोके कसे, दातांची बैठक कशी, शेपूट कुठे, चाल कशी, रंग कोणता चालेल, कोणता नाही. परीक्षक समोरच्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याशी ताडून पाहतो असे वरवर दिसते. खरे तर तो प्रत्येकाला त्या लेखी मानकाशी ताडून पाहत असतो.

आता अडचण अशी, की या मानकातल्या अनेक गोष्टी आठ आठवड्यांच्या पिल्लात अजून घडलेल्याच नसतात. त्याला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून बेचाळीस कायमचे दात येतात. आज कात्रीसारखी नीट बसणारी दातांची जोडी त्या वेळी पुढे किंवा मागे सरकू शकते. नर पिल्लाचे दोन्ही वृषण उतरलेले असणे प्रदर्शनासाठी आवश्यक असते. ते सहाव्या महिन्यापर्यंत उतरले नाहीत तर पुढे उतरण्याची शक्यता फार कमी. जर्मन शेफर्डचे कान दात येण्याच्या काळात उभे राहतात, पुन्हा पडतात, पुन्हा उभे राहतात. उंची कळायला वर्ष जाते. खुब्याच्या सांध्यातला सैलपणा, ज्याला डॉक्टर हिप डिस्प्लासिया म्हणतात, त्याची खात्रीची एक्स-रे तपासणी किमान वर्षभरानंतर, काही पद्धतींत तर दोन वर्षे पूर्ण झाल्यावरच करतात.

आईबाप दोघे विजेते असले म्हणून हे प्रश्न सुटत नाहीत. काही दोष असे असतात की ते आईबापांत दिसत नाहीत, पण दोघांच्याही रक्तात दडलेले असतात. असा साधा दडलेला दोष दोघांतही असेल तर प्रत्येक पिल्लात तो उघड होण्याची शक्यता चारात एक असते. अनुभवी माणूस सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगाची ठेवण पाहून बरा अंदाज बांधतो, यात शंका नाही. पण तो अंदाजच असतो.

बियाण्याच्या पिशवीचा न्याय

मग अशा सौद्यात काहीच लिहून देता येत नाही का? येते. ते कसे, हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मुद्दाम शिकवायची गरज नाही. तो दरवर्षी मक्याच्या बियाण्याची पिशवी घेतो. तिच्यावर वाणाचे नाव असते, लॉट नंबर असतो, उगवणशक्ती असते. संकरित मक्याच्या प्रमाणित बियाण्याला ती किमान ९० टक्के लागते. पण एकरी किती क्विंटल उतारा येईल, याची हमी त्या पिशवीवर नसते. कारण उगवणशक्ती बियाण्यात असते आणि उतारा पाऊस, जमीन, खत आणि शेतकऱ्याची मेहनत यांत वाटलेला असतो. वाण भलताच निघाला किंवा बी उगवलेच नाही, तर कंपनी जबाबदार. पाऊस पडला नाही, तर ती जबाबदार नाही.

होतकरू पिल्लाच्या कराराचे सगळे मर्म या न्यायात आहे. त्यात तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. पहिली, जी आजच पाहता येते : जात, आईबाप, नोंदणी, वय, लसी, आजची प्रकृती. याची विक्रेत्याने पूर्ण हमी द्यायची. दुसरी, जी आज दिसत नाही पण ठरावीक तारखेला तपासता येईल : दात, वृषण, उंची, खुबा. याची हमी अटींसह, मुदतीसह द्यायची. तिसरी, जी कुणाच्याच हातात नाही : बक्षीस, विजेतेपद. याची हमी कोणी देऊ नये आणि कोणी मागूही नये. बाजारात तुरी, तसा तो मामला. आपल्याकडचे बहुतेक तंटे होतात ते या तीन गोष्टी ‘शो क्वालिटी’ या एकाच शब्दात कोंबल्यामुळे.

कायदा काय म्हणतो?

पाळीव कुत्रे हा घरातला जीव असला तरी विक्रीच्या कायद्यात ते जंगम मालच आहे. १९३० चा वस्तू विक्री कायदा आणि १८७२ चा करार कायदा त्याला लागू होतात. गंमत म्हणजे करार कायद्याने समजावून सांगण्यासाठी जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत जनावरांची, विशेषतः घोड्याची, पुष्कळ आहेत. दीडशे वर्षांपूर्वीची ती उदाहरणे आजच्या पिल्लाला तंतोतंत बसतात.

कलम १७ फसवणुकीविषयी आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. पण घेणारा जर म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,’ आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच धरले जाते. यातून ग्राहकाने एक साधी सवय लावून घ्यावी. सौद्याआधी विक्रेत्याला मेसेज पाठवावा : ‘या पिल्लाच्या आईबापांत किंवा आधीच्या वेतातल्या भावंडांत खुब्याचा, दातांचा किंवा वृषणाचा दोष निघाला आहे का? तुम्ही तसे कळवले नाही तर दोष नाही असे धरून मी व्यवहार करतो.’ चार ओळींचा हा मेसेज पुढे फार उपयोगी पडतो.

कलम २९ संदिग्ध करारांविषयी आहे. ‘माझा पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना विकतो’ असा करार झाला आणि दोनपैकी कोणती किंमत हे ठरलेच नाही, तर तो करार रद्दबातल. ‘शो निघाले तर चाळीस हजार, नाही तर पंधरा’ हे आपल्याकडचे तोंडी सौदे याच्याच वळणाचे. ‘शो निघाले’ म्हणजे काय, कोणी ठरवायचे, कधी ठरवायचे, हे ठरलेले नसेल तर कायद्याचा आधार डळमळीत होतो.

वस्तू विक्री कायद्यातली एक तरतूद त्याहून महत्त्वाची. हा कायदा मूळ अट आणि जोडहमी असा भेद करतो. मूळ अट मोडली तर माल परत करून सौदा मोडता येतो. जोडहमी मोडली तर माल ठेवून नुकसानभरपाई मागता येते, सौदा मोडता येत नाही. पण कलम १३ सांगते, की एकदा माल स्वीकारला की मूळ अटीचा भंगसुद्धा सामान्यतः जोडहमीचा भंग म्हणूनच धरला जातो, करारात वेगळे लिहिले नसेल तर. आता पिल्लाचा विचार करा. दात बिघडल्याचे कळते सहाव्या-सातव्या महिन्यात. तोवर ते चार महिने आपल्या अंगणात खेळलेले असते. म्हणजे माल केव्हाच स्वीकारला गेला. तेव्हा पिल्लू परत करण्याचा किंवा बदलून घेण्याचा हक्क हवा असेल, तर तो करारात स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. आपोआप तो सहसा मिळत नाही.

मताचा आणि वस्तुस्थितीचा भेदही लक्षात ठेवावा. ‘हे नाव काढील’ हे विक्रेत्याचे मत झाले. त्याला कोर्टात फारसे वजन नाही. ‘याच्या बापाला विजेतेपद आहे’ हे विधान वस्तुस्थितीचे. ते माहीत असून खोटे सांगितले असेल तर ती फसवणूक. म्हणून कौतुक ऐकून घ्यावे आणि माहिती लिहून घ्यावी.

कागदावर काय असावे?

पहिले कलम ओळखीचे. पिल्लाची जात, जन्मतारीख, रंग, अंगावरच्या खुणा, आईबापांची नोंदणीकृत नावे आणि क्रमांक, पिल्लाचा मायक्रोचिप क्रमांक. जातीचे नाव लिहिताना आपल्याकडच्या देशी कुत्र्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. केनेल क्लब ऑफ इंडिया ‘कॅरव्हान हाउंड’ या नावाने नोंद करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ या नावाने. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत नाव मुधोळ हाउंडचेच. गावातला जाणकार ‘कारवानी’ म्हणून जे विकेल ते अंगाने अस्सल असेलही, पण नोंदणी नसेल तर क्लबच्या प्रदर्शनाचे दार त्याला सहजी उघडत नाही. तेव्हा कोणत्या संस्थेची नोंदणी, कोणत्या नावाने आणि ती कोण किती दिवसांत करून देणार, हे लिहावे. आणि एक गैरसमजही काढून टाकावा. क्लबचा कागद म्हणजे वंशावळ. तो पिल्लाच्या गुणवत्तेचा दाखला नव्हे.

दुसरे कलम प्रकृतीचे. कोणत्या लसी कधी दिल्या, जंताचे औषध कधी दिले, हे लसीच्या कार्डावर डॉक्टरच्या सहीने असावे. पिल्लू घेतल्यावर तीन दिवसांच्या आत आपल्या डॉक्टरकडून तपासून घेण्याचा आणि दोष निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क ठेवावा. पार्व्होसारखा आजार अंगात शिरल्यावर साधारण आठवडाभरात, कधी दोन आठवड्यांपर्यंत प्रकट होतो. म्हणून पहिल्या चौदा दिवसांत असा आजार निघाला तर जबाबदारी कोणाची, हेही ठरवून ठेवावे.

तिसरे कलम ‘होतकरू’ या शब्दाच्या अर्थाचे. इथे शब्द काटकसरीने पण नेमके वापरावेत. उदाहरणार्थ असे लिहिता येईल : ‘विक्रेत्याच्या मते या पिल्लात आजच्या तारखेस प्रदर्शनास अपात्र ठरवणारा कोणताही दोष नाही. पिल्लाला सात महिने पूर्ण झाल्यावर दोघांनी मान्य केलेला पशुवैद्य त्याचे दात आणि वृषण तपासील. अठरा महिन्यांच्या आत उंची आणि खुबा तपासला जाईल. यांपैकी कशातही जातीच्या मानकानुसार अपात्र ठरवणारा दोष निघाल्यास खालील भरपाई लागू होईल. प्रदर्शनात बक्षीस किंवा विजेतेपद मिळेल अशी हमी विक्रेत्याने दिलेली नाही.’ यात कुठेही मोठा कायदेशीर शब्द नाही. पण काय, कोण, कधी, हे तिन्ही आले.

चौथे कलम घेणाऱ्याच्या कर्तव्याचे. न्याय एकतर्फी असू नये. चांगले पिल्लू घेऊन त्याला नुसत्या दूध-भाकरीवर ठेवले आणि हाडे वाकली, किंवा लाडाने इतके खाऊ घातले की सांध्यांवर ताण आला, किंवा दिवसभर साखळीला बांधले आणि ते माणसांना बुजू लागले, तर दोष विकणाऱ्याचा नाही. कोणते खाद्य, किती व्यायाम, लसी वेळेवर, हे घेणाऱ्याने पाळायचे आणि त्याच्या नोंदी ठेवायच्या. अपघाताने पाय मोडला तर ते घेणाऱ्याचे नुकसान. प्रामाणिक ब्रीडरलाही संरक्षण हवेच. सगळे विकणारे लबाड आणि सगळे घेणारे भोळे, असे जग नसते.

पाचवे कलम हक्कांचे. प्रदर्शनाचे पिल्लू विकताना काही ब्रीडर नोंदणीत आपलेही नाव सहमालक म्हणून ठेवतात, किंवा पुढच्या वेतातले निवडीचे एक पिल्लू मागतात. शेळी निम्म्या वाट्याने पाळायला देण्याची आपल्याकडची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. पण वाटा कशाचा, किती वेतांपर्यंत, खर्च कोणाचा, मादी गाभण राहिलीच नाही तर काय, हे न लिहिता केलेला वाट्याचा व्यवहार भांडणाशिवाय सुटत नाही.

परत द्यायचे की ठेवायचे?

आता सर्वांत नाजूक कलम, भरपाईचे. पुष्कळ छापील करारांत एक वाक्य असते : ‘दोष निघाल्यास पिल्लू परत आणून द्यावे, दुसरे दिले जाईल.’ वाचायला हे अगदी रास्त वाटते. फ्रिज बिघडला तर बदलून मिळतो, तसे. पण वर्षभर घरात वाढलेले कुत्रे परत नेऊन कोण देईल? घरातल्या लेकराने त्याला नाव ठेवलेले असते. आजीच्या खाटेखाली त्याची जागा ठरलेली असते. दाताची एक जोडी वाकडी आली म्हणून ते परके होत नाही. विक्रेत्यालाही हे ठाऊक असते. म्हणजे जे कलम कोणी वापरणारच नाही, त्याच्या भरवशावर जादा किंमत घेतलेली असते. आणि एखाद्याने मन घट्ट करून परत दिलेच, तर प्रदर्शनाला नालायक ठरलेल्या त्या कुत्र्याचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

यावर उपाय सोपा आहे. सौद्याच्या दिवशीच दोन किमती लिहाव्यात. घरगुती पिल्लाची किंमत समजा पंधरा हजार आणि या होतकरू पिल्लाची चाळीस हजार. ठरलेल्या तपासणीत अपात्रतेचा दोष निघाला तर फरकाचे पंचवीस हजार विक्रेत्याने अमुक दिवसांत परत करावेत, आणि पिल्लू घेणाऱ्याकडेच राहावे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जादा पैसे दिले ती मिळाली नाही, तर जादा पैसे परत. जो जीव घरात आला तो घरातच. पिल्लू परत देण्याचा मार्गही ठेवावा, पण तो सक्तीचा नसावा. याशिवाय एक ओळ आणखी हवी : पुढे कधी काही कारणाने कुत्रे सांभाळणे अशक्य झाले, तर ते रस्त्यावर न सोडता आधी विक्रेत्याला कळवावे आणि त्याने ते घ्यावे किंवा चांगले घर शोधून द्यावे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हाच आहे.

नियम आणि दाद

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांप्रमाणे ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. विक्रीपूर्वी लसी आणि मायक्रोचिप आवश्यक. सहा महिन्यांपेक्षा मोठे कुत्रे नसबंदी न करता विकायचे तर ते फक्त दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरलाच विकता येते. म्हणजे ‘दात येईपर्यंत थांबून मगच घेऊ’ हा मार्ग सामान्य ग्राहकाला फारसा मोकळा नाही. नसबंदी केलेले कुत्रे जातीच्या प्रदर्शनासाठी बहुधा चालत नाही. लहानपणीच घ्यायचे, म्हणून तर कराराची गरज अधिक.

वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सोय केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता पुण्याचा असो की हैदराबादचा. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. मात्र पिल्लू घेतले तेच मुळी पैदास करून विकण्याच्या धंद्यासाठी, असे ठरले तर ‘ग्राहक’ म्हणून दाद मिळणे कठीण जाते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः केलेला उद्योग एवढाच त्याला अपवाद. पुरावा म्हणून मोबाइलवरचे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आवश्यक त्या प्रमाणपत्रासह अशा नोंदी पुराव्यात घेता येतात.

लिहून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे

एवढे सगळे सांगितल्यावर एक आक्षेप हमखास येतो. ‘अहो, आपली जबान आहे ना? कागद कशाला? विश्वास नाही का?’ आपल्या बाजाराची रीतच अशी, की कागद मागणारा माणूस संशयी ठरतो. पण नीट पाहिले तर आपले जुने बाजार कधीच नुसत्या जबानीवर चालले नाहीत. म्हैस घेणारा घरच्या माणसाला घेऊन जाई आणि स्वतः दोन वेळच्या धारा काढून पाही. बैल घेणारा त्याचे दात मोजी, त्याला चालवून पाही, जमल्यास जुंपून पाही. पाहता येईल ते पाहूनच सौदा होत असे. होतकरू पिल्लात पाहता येत नाही असे पुष्कळ असते. जिथे डोळा पोचत नाही तिथे लेखणी लागते, इतकाच फरक.

इस्लामी व्यापारनीतीत याचा फार बारकाईने विचार झालेला आहे. जे अस्तित्वात नाही किंवा ज्याची खात्री नाही, अशा गोष्टीच्या विक्रीला ‘गरर’ म्हणतात. पोटातले वासरू किंवा पाण्यातली मासळी विकू नये, ही त्याची नेहमीची उदाहरणे. कारण त्यात दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले आणि मनात कायमची अढी. आणि कुराणातली सर्वांत लांब आयत कोणती, असे विचारले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. ती स्वर्गाविषयी नाही की नरकाविषयी नाही. ठरावीक मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, याविषयी ती आहे. श्रद्धावंतांनासुद्धा जर व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, तर लिहिणे म्हणजे अविश्वास, हे म्हणणे टिकत नाही. लिहिलेले असले की विसरण्याला आणि नंतर शब्द फिरवण्याला जागा उरत नाही. उलट ओळखीच्या माणसाशी व्यवहार करताना कागद जास्त हवा. पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतात, तुटलेली ओळख सहसा जुळत नाही.

तेव्हा होतकरू पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आईला भेटा, बापाची नोंद पाहा, जागा किती स्वच्छ आहे ते पाहा आणि मग दोन पानांचा कागद मागा. प्रामाणिक ब्रीडर त्याला नाही म्हणणार नाही. बहुधा त्याच्याकडे तो तयारच असेल. ‘विश्वास ठेवा’ एवढेच जो म्हणत राहील, त्याच्याकडून घरगुती किमतीचे पिल्लू घ्यावे. होतकरूपणाचे पैसे त्याला देऊ नयेत.

या करारावर दोन माणसांच्या सह्या होतात. ज्याच्याविषयी तो असतो त्या पिल्लाला सही करता येत नाही. ते विजेते होवो वा न होवो, त्याला दोन वेळचे खाणे, सावली आणि ओळखीचा हात मिळत राहील, अशी एक ओळ त्या कागदात घालायला विसरू नका. बाकी सगळी कलमे वकिलाला दाखवता येतील, एवढी मात्र आपली आपणच लिहायची असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)